आपोआप उघडणारं पान

माझ्या मुलीला शाळेत घेतलं ते मोठ्या मॅडमनी. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की या माणसाला केलेल्याची जाण नाही. जाण आहे. जाण आहे म्हणूनच तर जीव थाऱ्यावर नाही.

आम्ही वऱ्हाडातले. मी इकडे छत्तीसगढात, उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे, राहायला गुढियारीत. आधी एकटाच आलो होतो. मग बायको आणि मुलगी आल्या, तेव्हा शाळांचं अर्धं वर्ष सरून गेलं होतं. गावच्या शाळेचा दाखला हातात नव्हता. तिथले गुरुजी लांब रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, आणि मला परत जायला सुट्टी नाही. मुलीचा हात धरून शाळा शाळा फिरलो. एका ठिकाणी शिपायानंच फाटकावरून परत पाठवलं. दुसरीकडे, जिथं लहान पोरं टाय लावून येतात, तिथल्या बाईंनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यावरूनच त्यांना जे समजायचं ते समजलं.

मान हलवणं मला चांगलं जमतं. सहावीतून शाळा सोडली तेव्हापासून तेच करत आलो. मिलमध्ये नवीन सूचनेचा कागद भिंतीवर लागला की सुपरवायझर विचारतो, पढ़ लिया सबने? सगळे मान हलवतात, मीही हलवतो. कागद हिंदीत असला तर मला सावकाश वाचता येतो, अक्षरं तीच आहेत. इंग्रजीत असला तर मी शेजारच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे बघत असतो. आपल्या मुलीवर ही पाळी येऊ नये, एवढीच माझी इच्छा. डॉक्टर-इंजिनियर मी कधी बोललोच नाही. भिंतीवरचा कागद तिनं वाचावा आणि वाचला म्हणून मान हलवावी.

शेवटी रेल्वे लाइनीजवळच्या एका लहान सरकारी प्राथमिक शाळेत गेलो. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हापशी, आणि त्यात पाच वर्ग. मोठ्या मॅडम म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. उन्हात खुर्ची टाकून त्या कसलेसे कागद भरत होत्या. मी हिंदीत सुरुवात केली आणि मध्येच मुलीला म्हणालो, "सरळ उभी राह्य नं, बाप्पा." त्यांनी मान वर केली.

"वऱ्हाडातले का तुम्ही?"

त्यांचं घर ब्राह्मणपाऱ्यात, शहरातल्या जुन्या वस्तीत. भोसल्यांच्या काळापासून घराणं इथलंच. त्यांची मराठी निम्मी हिंदीतून आल्यासारखी, पण त्या दिवशी ती मला आईच्या बोलण्यासारखी वाटली. मी दाखल्याचं सांगू लागलो तर त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"दाखला येईल तेव्हा येईल, भाऊ. पोरगी तर आज आली आहे न?"

असं म्हणून त्यांनी तिला हाताला धरून व्हरांड्यातल्या पोरांत नेऊन बसवलं. मी हापशीवर जाऊन उगीचच तोंड धुतलं.

पुढची दोन वर्षं मी ज्याला त्याला सांगत होतो की आमची शाळा चांगली आहे. आता वाटतं, मी कशाच्या जोरावर सांगत होतो? पोरगी हसत जायची, हसत यायची. दुपारचं गरम जेवण मिळायचं, डाळीत कधी कधी लाल भाजीही असायची. मोठ्या मॅडम तिच्या केसांची रिबन नीट करून द्यायच्या. यावरून शाळा चांगली असं मी धरलं. माझ्यासारख्यानं दुसरं काय बघायचं? किराणा दुकानात तांदूळ हातात घेऊन बघता येतो. शाळेत काय हातात घेणार?

घरी मुलगी धडा वाचून दाखवायची, तेव्हा तर माझा ऊर भरून यायचा. ओळीखाली बोट, आवाज खणखणीत, कुठंही अडखळणं नाही. बायको स्वयंपाक सोडून ऐकायची. तिसरीत गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ती माझ्या मांडीला टेकून खारीचा धडा वाचत होती. हिंदीच्या पुस्तकात आहे तो. एक खार पेरूच्या झाडावर राहते, पोपट तिचे पेरू खातो, मग दोघांची दोस्ती होते. मीही तिच्या बोटामागून माझ्या चालीनं वाचत होतो. तिनं पान उलटलं आणि पुढं वाचू लागली. मला ओळ सापडेना. ती पोपटाचं सांगत होती आणि माझ्यासमोरच्या पानावर दोघांची दोस्ती होऊन गेली होती. बघतो तर मधली दोन पानं शाळेतल्या डाळीनं एकमेकांना चिकटलेली. जे पान तिच्या डोळ्यांसमोर नव्हतंच, ते ती बोट फिरवून, न अडता, वाचत होती.

मीठ बांधून आलेल्या पिशवीवरचं एक अक्षर दाखवून विचारलं, हे काय आहे? तिनं आधी अक्षराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अंदाजानं काहीतरी म्हणाली. मी मराठीत विचारलं की ती नेहमी हिंदीत उत्तर देते, तसंच पुढं म्हणाली, "पापा, ये किताब में नहीं है."

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, लहान आहे, येईल. मलाही तेच म्हणून गप्प बसायचं होतं. पण मिलमध्ये कागदासमोर उभा राहिलो की तिचं ते बोट दिसायचं.

मी मॅडमकडे गेलो. तक्रार करायला नाही, विचारायला. त्या दोन वर्गांना एकाच खोलीत सांभाळत होत्या, पहिलीचं तोंड इकडे, तिसरीचं तिकडे. शाळेत तीन शिक्षक. त्यातले सर कधी मतदार यादीच्या कामाला, कधी घरोघरच्या सर्व्हेला, मी त्यांना दोनदाच पाहिलं असेल. दुसऱ्या एक तरुण दीदी, त्यांचा निम्मा दिवस मोबाइलवर हजेरीचे, जेवणाचे फोटो चढवण्यात जायचा, आणि नेटवर्क नसलं की हात उंच करून अंगणात फिरण्यात. माझं ऐकून मॅडम म्हणाल्या की बघते मी. मग विचारलं, तुम्हाला आठवड्याची सुट्टी असते न? शाळेच्या समितीवर एक बाप पाहिजे होता. आया येतात, बाप येतच नाहीत. पुढच्या महिन्यात शाळेचं मूल्यांकन आहे, समितीनं बसायला लागतं.

मी, सहावी सोडलेला, शाळेचं मूल्यांकन करणार! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. बायकोनं विचारलं, "तुमले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो, समजत नाही म्हणूनच तर बोलावलं असेल. ते मी थट्टेनं म्हणालो होतो.

त्या महिन्यात शाळेला पिवळा रंग लागला. हापशीभोवती विटांची कड आली. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रं निघाली. आणि तिसरीचा वर्ग रोज खारीचा धडा वाचू लागला. सकाळी खार, जेवणानंतर खार. लाइनीपलीकडून मालगाडी जायची तेव्हा पोरं आवाज आणखी चढवायची. मुलगी झोपेतही पेरूच्या झाडावर जायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅडम मला फाटकाशी भेटल्या. थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी रिटायर होते आहे, शेवटची श्रेणी चांगली लागली तर बरं. मग स्कूटी सुरू करता करता, माझ्याकडे न बघता बोलल्या.

"वाचायला तुमच्याच पोरीला उभी करणार आहे, भाऊ. पान पालकानं काढायचं असा नियम आहे. पुस्तक हातात घ्याल तर ते आपोआप खारीवर उघडतं. तुम्हाला काहीच करायचं नाही."

खरंच काहीच करायचं नव्हतं. एवढं सोपं होतं ते.

तपासणीला आलेले सर दुसऱ्या कुठल्या शाळेतले होते. माणूस सभ्य, घाम पुसत पुसत काम करणारा. समितीतर्फे मी आणि एक भाजीवाली बाई, तिचा नातू पहिलीत. सर फॉर्ममधला प्रश्न वाचायचे आणि आम्हाला विचारायचे. पाण्याची सोय आहे? बाई म्हणायची, हव. शौचालय स्वच्छ? हव. शिक्षक वेळेवर येतात? हव. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. एकदा सर प्रश्न संपायच्या आतच ती हव म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, "दाई, सुन तो लो." ती म्हणाली, "सुने हव बेटा, तैं लिख." मला हसू आलं आणि लगेच गेलंही. कारण मीही तेच करत होतो, फक्त तोंडानं हव न म्हणता मानेनं. भिंत आहे का, नळ आहे का, झाडू आहे का, घोषवाक्य आहे का. माझ्या डोक्यात एकच, की हे सगळं आहे हो, पण पोरं वाचतात का हे विचारणार कधी? ते शेवटच्या पानावर होतं. तिथं पोहोचेपर्यंत सरांनी दोनदा घड्याळ बघितलं होतं.

मॅडमनी माझ्या मुलीला उभं केलं. नवीन रिबन, तेल लावलेले केस. सरांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. ते माझ्या तळहातावर पडल्या पडल्या उघडलं. पेरूचं झाड, त्यावर खार. वर्गातली इतकी बोटं त्या पानावर फिरली होती की कडा काळ्या झाल्या होत्या. सर म्हणाले, हाँ, यही पढ़ाइए. मुलगी माझ्याकडे बघून हसली, कारण बापाच्या हातात तिचंच पान आलं होतं.

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. मला त्यांचा तो हात दिसत होता, ज्या हातानं त्यांनी दाखल्याविना पोरीला आत नेलं होतं.

मी पान उलटलं. मग आणखी उलटलं. पुस्तक पुन्हा पुन्हा खारीकडे मिटत होतं, तेव्हा अंगठ्यानं मधोमध दाबून धरलं. आगगाडीच्या सफरीचा धडा निघाला. चित्रात इंजिन, डबे, खिडकीत एक म्हातारा.

मुलीनं पुस्तक घेतलं. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "अमरूद के पेड़ पर एक गिलहरी रहती थी." बोट आगगाडीखालून सरकत होतं. मागून साऱ्या वर्गानं सवयीनं सूर धरला, आणि सगळी खोली खार, पेरू, पोपट म्हणू लागली. सर आधी खूश होऊन डोलले. मग वाकून पानाकडे बघितलं. ते रागावले नाहीत, हळूच हात वर केला. वर्ग गप्प झाला. मुलगी दोन शब्द पुढं गेली आणि थांबली.

शेवटच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. सही मागितली तेव्हा केली. सहीच्या आधी वाचता यावं, याच्यासाठीच तर एवढं सगळं केलं, आणि मीच तिथं न वाचता सही केली.

घरी बायको ऐकून पेटलीच. "काहून केलं तुम्ही असं? ज्या बाईनं पोट्टीले उभं केलं, तिलेच लोकांसमोर पाडलं? आन् आपल्याच पोट्टीचं हसू करून आले." मी म्हणालो, तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, ते घरात माहीत होतं, सरकारले सांगायची काय गरज होती? मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. शेजारच्या मुलींना सांगत होती की पापा ने मुझे जानबूझकर फँसाया. मी दाराआड बसून ऐकलं.

मिलच्या पुढच्या सुट्टीला, शाळा सुटल्यावर, मी तिथं गेलो. मॅडम एकट्याच होत्या, दीदी फोटोसाठी नेटवर्क शोधत बाहेर. मी दारातच उभा राहिलो. बसा म्हणाल्या नाहीत.

"तुमच्या पोरीला मी कागद नसताना घेतलं होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच ती इथं आहे, मॅडम. नाहीतर घरी भांडी घासत बसली असती. पण तिला वाचता येत नाही."

"मला माहीत नाही काय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. मग त्यांनी सकाळपासूनचं सांगितलं. हजेरी, फोटो, तांदळाची पोती मोजणं, जेवण, मग ऑफिसातून फोन की अमुक माहिती आजच पाठवा, मग पहिलीतला कुणी पडला, मग सुट्टी. त्यात कुठं शिकवू ते सांगा. खारीचा धडा मी काय हौसेनं पाठ करून घेतला? एक धडा तरी पक्का होतो, पोरं मोठ्यानं बोलायला शिकतात, तपासणीही निघून जाते. सांगता सांगता त्यांनी खडूचा तुकडा टेबलावर इतका घासला की भुगा झाला.

मला राग आला होता, पण तो त्यांच्यावर बसेना. कुणावर बसवावा तेही कळेना. काही दिवसांनी शाळेची श्रेणी खालची लागली. मला वाटलं होतं, आता एक शिक्षक तरी येईल. आलं ते पत्र. मॅडमनी खुलासा द्यावा, आणि गुणवत्ता वाढवण्याच्या प्रशिक्षणाला जावं. त्या प्रशिक्षणाला गेल्या तेवढे दिवस पाचही वर्ग एकट्या दीदींकडे. शाळेतले सर तेव्हाही सर्व्हेलाच. मी समितीच्या बैठकीत हे बोललो, सगळ्यांनी मान हलवली, आणि बैठकीच्या फोटोत मी मध्यभागी आहे.

मॅडम परत आल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्या मुलीला आणि आणखी चार-पाच जणांना व्हरांड्याच्या पायरीवर घेऊन बसू लागल्या. स्वतःचा डबा मांडीवर, आणि समोर फरशीवर खडूनं अक्षरं. मला कुणी सांगितलं नाही, भाजीवाल्या बाईकडून कळलं. हे त्यांनी माझ्यावरच्या रागानं सुरू केलं की पोरीवरच्या मायेनं, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमतही नाही. फाटकाशी भेटल्या तर मी नमस्कार करतो, त्या मान हलवतात. भाऊ म्हणत नाहीत आता.

मुलीचा पहिला महिना रडण्यात गेला. आधी घडाघडा म्हणणारी पोरगी, आता एकेका अक्षराशी घुटमळायची. शेजारी म्हणाले, मूल्यांकनानंतर पोरगी बिघडली. बायकोही एकदा तसंच म्हणाली. मलाही रात्री वाटायचं की उगीच पान उलटलं, होती तशी खूश होती.

परवा बाजारातून येताना ती एका बंद दुकानाच्या शटरसमोर उभी राहिली. "ता... ला..." म्हणाली. मग अडली. पुढचं जोडाक्षर होतं. ओठ हलवत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही, अंदाजही ठोकला नाही. मागून एक ऑटोवाला भोंगा वाजवत होता, बायको पुढं जाऊन हाका मारत होती. मी तसाच उभा. तिला ते शेवटी आलंच नाही. "ये मैडम ने अभी नहीं बताया," म्हणाली आणि चालू लागली. आधी ती कुठंच अडत नव्हती. आता अडते, आणि कुठं अडली ते तिला कळतं. शाळा चांगली की वाईट हे मला अजून सांगता येत नाही. त्या फॉर्मात या गोष्टीला रकाना असता तर तो मी भरला असता.

शाळेतले सर अजून सर्व्हेवरून आलेले नाहीत. दुसरा शिक्षक येणार असं ऐकतो, ऐकतच राहतो. मॅडम येत्या वर्षी घरी बसतील आणि पायरीवरचा तो वर्ग कोण घेईल, या काळजीनं मी आत्ताच अर्धा झालो आहे.

तरी एक ठरवलं आहे. माझ्याकडून त्यांची शेवटची श्रेणी गेली, ती मी परत आणून देऊ शकत नाही. पण पोरीला नीट वाचता येईल, त्या दिवशी मी तिला घेऊन ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या घरी जाईन. भाऊ म्हणोत न म्हणोत. त्यांच्या घरातलं कुठलंही पुस्तक त्यांनी काढावं, हवं तिथं उघडावं. मी त्याला हात लावणार नाही. पान मॅडमनीच निवडायचं, आणि माझी मुलगी ते त्यांना वाचून दाखवेल.